सुट्टी आणि खाडा : तेलगावच्या चौकातून दिसणारा वारांचा इतिहास

१.
आजच्या धाग्याचा विषय वरकरणी अगदी किरकोळ आहे. दुकान किती वाजता उघडावे, कोणत्या वारी बंद ठेवावे आणि कामाच्या मधल्या वेळात माणसाने काय खावे, एवढाच. राजे, लढाया आणि तह यांच्या इतिहासात या गोष्टींना जागा मिळत नाही. परंतु सामान्य माणसाच्या आयुष्याचा बराचसा भाग याच तीन गोष्टींनी आखलेला असतो. आणि ती आखणी कोणी केली, हा प्रश्न सत्तेच्या इतिहासातलाच प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधताना आपण बीड जिल्ह्यातील तेलगाव हे ठिकाण नजरेसमोर ठेवू. माजलगाव, धारूर, वडवणी आणि परळी अशा चार दिशांचे रस्ते येथे एकत्र येतात. शेजारी साखर कारखाना आहे, आणि भोवतालच्या गावांतून दरवर्षी हजारो माणसे ऊसतोडीला बाहेर पडतात. वार, वेळ आणि वेतन यांचे सारे धागे एकाच ठिकाणी गुंतलेले पाहायचे, तर यापेक्षा योग्य जागा सापडणे अवघड.

२.
आरंभ एका शब्दापासून करू. सात दिवसांच्या मुदतीला आपण ‘आठवडा’ का म्हणतो? सप्ताह म्हणजे सात, हफ्ता हा फारसी शब्दही ‘हफ्त’ म्हणजे सातावरून आलेला. मग मराठीत आठ कोठून आले? उत्तर मोजणीच्या पद्धतीत आहे. या मंगळवारपासून पुढच्या मंगळवारपर्यंत दोन्ही टोकांचे दिवस धरून मोजले, तर आठ भरतात. जुन्या रोममध्येही असेच घडले होते. तेथे दर आठ दिवसांनी बाजार भरे आणि दोन्ही टोके धरून मोजल्यामुळे त्याचे नाव नवाच्या आकड्यावरून पडले, ‘नुंदिने’. म्हणजे मराठी माणसाच्या तोंडी असलेला ‘आठवडा’ हा दोन बाजारांमधल्या अंतराचा शब्द वाटतो. ‘आठवडी बाजार’ हे जोडनाव आपण आजही सहज उच्चारतो.

३.
आठवडी बाजाराची रचना एकट्या गावाची नसते. फिरता व्यापारी आज एका गावी, उद्या दुसऱ्या गावी आणि परवा तिसऱ्या गावी पाल टाकतो. कापडवाला, भांडीवाला, मसालेवाला, बांगड्यांचा कासार, गुरांचा दलाल या सर्वांचा आठवडा असा गावागावांत वाटलेला असतो. त्यामुळे एखाद्या गावाला आपला बाजाराचा वार एकट्याने बदलणे कठीण जाते. एक वार हलवला की शेजारच्या सहा गावांशी टक्कर होते. राजवटी बदलल्या, सन बदलले, नाणी बदलली, तरी बहुतेक गावांचे बाजाराचे वार टिकून राहिले, त्याचे कारण हे आहे. आणि म्हणूनच गावच्या स्थायिक दुकानदाराचे वेळापत्रकही बाजाराच्या वाराला बांधलेले असते. बाजाराच्या दिवशी त्याला क्षणाची उसंत नसते. दुसऱ्या दिवशी चौक ओस असतो. त्याला विश्रांती हवी असेल, तर ती त्या ओस दिवशीच.

४.
मग बाजार नसलेल्या दिवशी काय चाले? कृषिप्रधान गावात ठरावीक वाराची साप्ताहिक सुट्टी ही कल्पनाच नव्हती. विश्रांतीचे दिवस तिथीवर ठरत. अमावास्येला शेतकरी औत धरत नसे. जुन्या पाठशाळांत प्रतिपदा, अष्टमी, पौर्णिमा, अमावास्या हे अनध्यायाचे दिवस मानले जात. अनेक गावांत सोमवारी बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नसत, कारण सोमवार महादेवाचा आणि बैल म्हणजे नंदी. वर्षातून एकदा पोळा. यातील एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. हक्काची विश्रांती येथे बैलाला होती. सालगड्याला ती बैलाच्या निमित्ताने मिळे, आणि त्याच्या बायकोला तीही मिळेलच असे नव्हते. कारण अमावास्येला औत थांबते, चूल थांबत नाही.

५.
आता शासनाच्या वाराकडे येऊ. तेलगावचा हा सारा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद राज्यात होता. या राज्याचा काळ मोजण्याचा आपला स्वतंत्र ढंग होता. सरकारी कागदांवर फसली सन चाले, त्याचे वर्ष आक्टोबरच्या आरंभी सुरू होई, आणि महिन्यांची नावे आजूर, दय, बहमन अशी इराणी वळणाची असत. कचेऱ्या आणि शाळा यांची साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी असे. येथे एक सूक्ष्म भेद आहे. शुक्रवार हा इस्लामच्या मूळ कल्पनेत सक्तीच्या विश्रांतीचा दिवस नाही. सामुदायिक नमाजाच्या वेळी व्यवहार थांबवावा आणि नंतर पुन्हा आपापल्या कामाला लागावे, अशी ती व्यवस्था आहे. म्हणजे हैदराबाद राज्यातील शुक्रवारची पूर्ण सुट्टी ही धर्मभावनेचा आधार घेतलेली राज्यकारभाराची सोय होती. आपल्या वाचकांपैकी कोणाच्या घरी त्या काळातील शाळेत गेलेले आजोबा किंवा पणजोबा असतील, तर शुक्रवारच्या सुट्टीची आणि रविवारच्या शाळेची आठवण त्यांच्याकडे निघू शकेल.

६.
सरहद्दीपलीकडे, इंग्रजी मुलखात, रविवार होता. या रविवारचा उगमही शासनाच्या हुकमातच सापडतो. रोमन सम्राट कॉन्स्टंटाईन याने इ.स. ३२१ मध्ये आज्ञा काढली, की सूर्याच्या वारी न्यायाधीशांनी, शहरवासीयांनी आणि कारागिरांनी विश्रांती घ्यावी. त्याच आज्ञेत एक अपवादही नोंदलेला आहे. खेड्यातील शेतकऱ्यांनी मात्र त्या दिवशी खुशाल काम करावे. कारण पेरणीसाठी किंवा द्राक्षवेली लावण्यासाठी त्याहून योग्य दिवस पुन्हा मिळेलच असे नाही. युक्तिवाद समजूतदार वाटतो, आणि हवामानाच्या दृष्टीने तो खराही आहे. परंतु त्याचा परिणाम पाहा. साप्ताहिक सुट्टीच्या कायद्याच्या जन्मक्षणीच रानात राबणारा माणूस तिच्या बाहेर ठेवला गेला. सोळाशेहून अधिक वर्षांनंतर बीड जिल्ह्यात आपल्याला हीच गोष्ट पुन्हा भेटणार आहे.

७.
महाराष्ट्रात मात्र रविवार केवळ हुकमाने आला नाही. तो मागून आणि झगडून मिळवावा लागला. नारायण मेघाजी लोखंडे हे जोतीराव फुले यांचे सहकारी, सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते आणि ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक. १८८१ च्या पहिल्या कारखाना कायद्याने लहान मुलांना थोडे संरक्षण दिले होते. प्रौढ स्त्री-पुरुषांसाठी त्यात साप्ताहिक सुट्टीची तरतूद नव्हती. १८८४ साली मुंबईत लोखंडे यांच्या पुढाकाराने गिरणी कामगारांच्या सभा झाल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार झाले. त्यातील मागण्यांत रविवारची सुट्टी आणि दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती या प्रमुख होत्या. २४ एप्रिल १८९० रोजी सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली. त्या सभेत स्त्रियाही बोलल्या. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली, आणि १८९१ च्या सुधारित कायद्याने साप्ताहिक सुट्टीला कायद्याचे बळ दिले.

८.
लोखंडे यांच्या मागणीत एक चातुर्य होते. रविवार हा साहेबाच्या प्रार्थनेचा वार, त्यामुळे सरकारला तो परका नव्हता. पण तोच खंडोबाचाही वार. सातारा, रत्नागिरी, पुणे या भागांतून आलेल्या गिरणी कामगाराला तो घरचा वाटणारा होता. सुट्टीचा वार नुसता कागदावर असून भागत नाही. तो सर्वांचा मिळून असावा लागतो, हे या लढ्याने ओळखले होते. याचा उलटा प्रयोग पुढे सोव्हिएत रशियात झाला. १९२९ पासून तेथे कारखाने अखंड चालावेत म्हणून कामगारांना वेगवेगळ्या दिवशी सुट्टी वाटून देण्यात आली. सुट्टीची संख्या वाढली, तरी नवऱ्याची सुट्टी एका दिवशी आणि बायकोची दुसऱ्या दिवशी, अशी स्थिती झाली. लोकांना ती मानवली नाही, आणि १९४० मध्ये सात दिवसांचा आठवडा व सर्वांचा रविवार परत आणावा लागला.

९.
सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद राज्य भारतात विलीन झाले. त्यानंतर मराठवाड्यातील कचेऱ्यांतून आणि शाळांतून शुक्रवारची सुट्टी गेली आणि रविवारची आली. मोठ्या राजकीय उलथापालथीच्या छायेत हा बदल इतका लहान दिसतो, की त्याची वेगळी नोंद घ्यावीशी कोणाला वाटत नाही. पण शाळेतल्या मुलाला, तलाठ्याला, न्यायालयात खेटे घालणाऱ्या पक्षकाराला राजवट बदलल्याची रोजची खूण याच बदलाने मिळाली असणार. १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. मुंबईच्या गिरण्यांत जिंकलेला वार अशा रीतीने पाऊणशे वर्षांच्या आत बीडच्या कचेऱ्यांपर्यंत पोहोचला. आठवडी बाजार मात्र पूर्वीच्याच वारी भरत राहिले.

१०.
गिरणीला सुट्टी मिळाली. दुकानातल्या नोकराचे काय? ब्रिटनमध्ये १९११ च्या कायद्याने दुकानातील नोकरांना आठवड्यातून अर्धा दिवस सुट्टी मिळाली. भारतात या विषयावरचा पहिला कायदा मुंबई प्रांताने १९३९ मध्ये केला. पुढे १९४२ मध्ये ‘साप्ताहिक सुट्टी अधिनियम’ हा केंद्रीय कायदा आला. तो जेथे लागू होईल तेथे दुकान आठवड्यातून एक दिवस पूर्ण बंद ठेवावे, तो वार लिहिलेली सूचना दुकानात कायम लावावी, आणि त्या बंद दिवसाबद्दल नोकराचे वेतन कापू नये, असे त्यात सांगितले होते. १९४८ च्या मुंबई दुकाने व आस्थापना कायद्याने घड्याळही ठरवले. सर्वसाधारण दुकान सकाळी सातच्या आधी उघडू नये आणि रात्री साडेआठनंतर चालू ठेवू नये. उपाहारगृहांना मात्र पहाटे पाचपासून मध्यरात्रीपर्यंत मोकळीक. या साऱ्या तरतुदींतील एक कलम आपण मनात घट्ट धरून ठेवू : बंद दिवसाचे वेतन कापू नये. ‘सुट्टी’ या शब्दाची कायद्याने केलेली हीच खरी व्याख्या.

११.
हे कायदे मुख्यतः शहरांसाठी होते. तेलगावसारख्या गावात दुकानाची वेळ ठरवणारी शक्ती निराळी होती, आणि ती म्हणजे उजेड. कंदील आणि गॅसबत्तीच्या काळात दुकान दिवसासोबत उघडे आणि दिवेलागणीनंतर लवकरच मिटे. तिन्हीसांजेला मीठ किंवा सुई देऊ नये, या समजुतीनेही त्या वेळेला एक कुंपण घातले होते. पुढे मोटार आली. निजामाच्या रेल्वेखात्याने १९३२ मध्ये २७ मोटारगाड्यांनिशी प्रवासी वाहतूक सुरू केली. नंतरच्या काळात एस.टी.ने गावे जोडली, तेव्हा चौकातील दुकानांचा दिवस पहिल्या गाडीने सुरू होऊ लागला आणि मुक्कामी गाडीने संपू लागला. चौकाला महत्त्व आले ते यामुळे. जेथे गाडी बदलावी लागते तेथे माणूस थांबतो, आणि थांबलेल्या माणसाला काहीतरी खावे-प्यावेसे वाटते.

१२.
येथे खाण्याचा विषय आपोआप येतो. शेतकऱ्याच्या दिवसात न्याहारी आणि दुपारची भाकरी यांची जागा ठरलेली होती. मधल्या वेळेचे विकतचे खाणे रोजचे नव्हते. ते बाजाराच्या वारी मिळे. फुटाणे, रेवड्या, गोडीशेव, जिलेबी असा ‘खाऊ’ बाजारातून घरी येई, आणि मुले वेशीपर्यंत वाट पाहत. खाण्याच्या आवडी चिरंतन असतात, हा समजही येथे तपासून घ्यावा. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या इ.स. ११३० च्या सुमाराच्या ग्रंथात आपल्या पुरणपोळीची पूर्वज ठरणारी वेढमिका आहे. पण मिरची, बटाटा आणि शेंगदाणा यांचा पत्ता नाही, कारण ही तिन्ही पिके अमेरिका खंडातून नंतर आली. आज चौकातल्या कढईतील बटाट्याचे भजे, सोबतची तळलेली मिरची आणि फोडणीतले शेंगदाणे हे सारे इतिहासाच्या दृष्टीने पाहुणे आहेत.

१३.
चहा तर त्याहून अलीकडचा. १९०३ मध्ये निर्यातीच्या चहावर कर बसवून त्या पैशातून चहाचा प्रचार करण्याची व्यवस्था झाली. रेल्वे स्थानकांवर, गिरण्यांतून, बाजारांतून चहा करून दाखवला गेला, स्वस्तात पाजला गेला. कामगाराला मधली सुट्टी द्या आणि त्यात चहा द्या, असा प्रचार पहिल्या महायुद्धाच्या काळात कारखान्यांतून झाला. म्हणजे चहा आणि कामातील मधली वेळ या दोन गोष्टी एकत्रच वाढल्या. गावात हॉटेल आले ते चहामुळे, आणि चहासोबत खारी, भजे, पुढे वडापाव. वडापावचा जन्म १९६६ च्या सुमारास दादर स्थानकाबाहेर झाल्याचे सांगतात. उभ्याने, एका हाताने, पाळीवर जाताना खाता येईल असे ते अन्न. मराठवाड्याचा आपला खास नाश्ता म्हणजे सुशीला : भिजवून पिळलेले चुरमुरे, कांदा-मिरचीची फोडणी, वर शेंगदाणे. पोह्यांपेक्षा स्वस्त, करायला झटपट, पोटाला हलका. गाडी सुटायच्या आत ताटली रिकामी होते.

१४.
परंतु दुकान ‘उघडे’ आहे म्हणजे ते सर्वांना उघडे आहे, असे मानता येत नाही. खेड्यातील हॉटेलात दलितांची कपबशी वेगळी ठेवली जाई; ती बाहेर, वळचणीला, आणि पिणाऱ्याने स्वतः धुऊन ठेवायची. म्हणून भारतीय संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकाने आणि सार्वजनिक उपाहारगृहे यांचा नाव घेऊन उल्लेख करावा लागला. धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून तेथे प्रवेश नाकारता येणार नाही, असे स्पष्ट लिहावे लागले. १९५५ मध्ये अस्पृश्यतेच्या आचरणाला शिक्षा देणारा कायदा झाला. साधा चहाचा कप संविधानाच्या कक्षेत यावा, एवढे त्या कपाचे वजन होते. दुकानाच्या वेळांचा इतिहास लिहिताना दाराशी थांबवलेली माणसे विसरली, तर तो इतिहास गल्ल्यामागे बसून लिहिलेला ठरेल.

१५.
मराठवाड्याच्या खाण्याच्या स्मृतीत आणखी एक पदार्थ आहे, आणि तो कोणाच्या आवडीचा नव्हता. १९७२ च्या दुष्काळात दुष्काळी कामांवर खडी फोडणाऱ्या माणसांना सुकडी मिळे. रेशनवर मिलो ही परदेशी तांबडी ज्वारी येई, तिच्या भाकरीचे वर्णन जुनी माणसे आजही तोंड वाकडे करून करतात. याच दुष्काळानंतर रोजगार हमीची कल्पना राज्यभर रुजली, आणि याच काळापासून बीडच्या कोरडवाहू पट्ट्यातून पश्चिम महाराष्ट्राच्या साखर कारखान्यांकडे होणारे स्थलांतर वाढत गेले. नंतर सिंदफणा नदीवरील माजलगाव धरणाचे पाणी आले आणि काही गावांत ऊस उभा राहिला. तेलगावजवळ लोकनेते सुंदरराव सोळंके सहकारी साखर कारखाना उभा राहिला. म्हणून हा जिल्हा ऊस गाळतोही आणि ऊस तोडायला माणसे बाहेरही पाठवतो.

१६.
साखर कारखाना वाराला ओळखत नाही. गळीत हंगामात गव्हाणीत मोळी पडली, की पुढचे चार-पाच महिने तीन पाळ्यांत रात्रंदिवस काम चालते. बॉयलर रविवारी विझवता येत नाही. त्यामुळे अशा कारखान्याभोवतालची चहाची टपरीही रविवार मानत नाही. ती पाळी सुटण्याच्या वेळेवर आणि उसाच्या गाड्यांच्या रांगेवर चालते. मध्यरात्री वजनकाट्यासमोर थांबलेल्या चालकाला चहा आणि गरम भजे लागतात. कारखान्याच्या आतील कामगाराला कायद्यानुसार साप्ताहिक सुट्टी असते. ती फिरती असेल, पण असते. मात्र त्याच गव्हाणीत पडणारी मोळी ज्याने पहाटेच्या थंडीत तोडून बांधली, तो माणूस त्या कायद्याच्या बाहेर उभा आहे.

१७.
ऊसतोड मजुराचा करार मुकादमाशी. दसऱ्याच्या आधी मजूर ‘उचल’ घेतो; नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. त्या उचलीतून घरचे देणे फिटते, किराणा भरला जातो, लेकरांना कपडे होतात. तालुक्याच्या दुकानांतली मोठी गर्दी त्याच दिवसांतली. मग गावे रिकामी होतात आणि पाडवा ते अक्षय्यतृतीयेच्या सुमारास पुन्हा भरतात. दुकानदाराचा आठवडा बाजाराने ठरतो, तसे त्याचे वर्ष उचलीने ठरते. पुढे हंगामभर उसाच्या टनावर मजुरी आणि त्यातून उचलीची वजावट. या मधल्या काळात एखादा दिवस कामावर गेले नाही, तर त्याला सुट्टी म्हणत नाहीत. त्याला ‘खाडा’ म्हणतात.

१८.
खाडा हा शब्द जुना आहे. गडी किंवा मोलकरीण आली नाही तरी घरोघर तोच वापरतात. सुट्टी आणि खाडा या दोन्ही दिवशी माणूस घरी असतो. फरक असा, की सुट्टीच्या दिवशी वेतन तुटत नाही आणि खाड्याच्या दिवशी तुटते. ऊसतोडीत तर त्याहून पुढची पायरी आहे : त्या दिवसाची मजुरी बुडते आणि वर दंडही बसतो. २०१९ मधील वार्तांकनात या दंडाचे आकडे दिवसाला ५०० रुपयांपासून पुढे आलेले आहेत. आजारपण, बाळंतपण, मासिक पाळी यांपैकी कोणतेही कारण या हिशेबात माफ नसते. त्याच वर्षी बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांची गर्भाशये मोठ्या प्रमाणावर काढली गेल्याचे प्रकरण देशभर गाजले. शासनाने नेमलेल्या समितीच्या काळात ८२ हजारांहून अधिक महिलांची पाहणी झाली. त्यांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. त्यामागे वैद्यकीय व्यवसायातील नफेखोरी, दारिद्र्य, पाण्या-शौचालयांचा अभाव अशी अनेक कारणे होती. परंतु खाडा पडू नये ही भीती त्यांतले एक कारण होते, हे त्या महिलांनीच सांगितले.

१९.
आता अलीकडच्या काही तारखा शेजारी-शेजारी ठेवून पाहा. १ सप्टेंबर २०१५ पासून बँका दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बंद राहू लागल्या. डिसेंबर २०१७ मध्ये महाराष्ट्राचा नवा दुकाने व आस्थापना कायदा अमलात आला. दुकान आठवड्याचे सातही दिवस उघडे ठेवण्यास बहुतांश मुभा मिळाली, मात्र प्रत्येक कामगाराला साप्ताहिक सुट्टी देण्याचे बंधन राहिले. दहापेक्षा कमी कामगार असलेली लहान दुकाने त्यातील बहुतेक तरतुदींच्या बाहेर राहिली. फेब्रुवारी २०२० च्या अखेरीस राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांचा आठवडा पाच दिवसांचा झाला. पुढच्याच महिन्यात टाळेबंदी आली. दुकान किती वाजेपर्यंत उघडे, हे जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाने ठरू लागले. सारा देश घरात बसलेला असताना साखर कारखाने अत्यावश्यक म्हणून चालू होते आणि ऊस तोडला जात होता. एप्रिलमध्ये परवानगी मिळाली, तेव्हा एक लाखाहून अधिक ऊसतोड मजूर गावांकडे परतू शकले.

२०.
इ.स. ३२१ ची ती आज्ञा येथे पुन्हा आठवते. शहराने विश्रांती घ्यावी, शेताने काम करावे. मधल्या काळात लोखंडे यांनी गिरणीला वार मिळवून दिला, १९३९ नंतरच्या कायद्यांनी दुकानातल्या नोकराला दिला, १९४८ च्या कायद्याने कारखान्याच्या फाटकाआतल्या कामगाराला साप्ताहिक सुट्टीची हमी दिली. सुट्टीचा इतिहास म्हणजे ही सीमारेषा एकेक पाऊल पुढे सरकण्याचा इतिहास आहे. तेलगाव परिसरात ती रेषा आज कारखान्याच्या फाटकाशी येऊन थांबलेली दिसते. आतल्याची सुट्टी, बाहेरच्याचा खाडा, साखर एकच.

२१.
आपल्या पिढीला रविवार निसर्गनियमासारखा वाटतो. सूर्य उगवावा तसा तो उगवतो, आणि आपण नाश्त्याला काय करायचे एवढाच विचार करतो. म्हणून एक विनंती. आपल्या गावाचा बाजाराचा वार, घरातील वडीलधाऱ्यांच्या शाळेचा सुट्टीचा वार आणि त्या काळी बाजारातून येणारा खाऊ, या तीन गोष्टी घरी विचारून लिहून ठेवा. मराठवाड्यातील वाचकांनी शुक्रवारबद्दल मुद्दाम विचारावे. ती शाळा पाहिलेली माणसे आता नव्वदीच्या घरात आहेत. आणि चौथा प्रश्न घरातल्या स्त्रीला, शेतात राबणाऱ्या गड्याला, ऊसतोडीहून आलेल्या शेजाऱ्याला विचारावा : तुमचा सुट्टीचा वार कोणता? जे उत्तर येईल, तेही तारखेसह नोंदवून ठेवा. उद्याच्या अभ्यासकाला आजच्या काळाचे ते साधन असेल.